लहान अमेरिकन कॉलेजात सॉकरचे मुख्य प्रशिक्षक व्हायचे असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापुरात तालमीच्या संघातून आणि पुढे विद्यापीठाकडून खेळल्यानंतर तुम्ही सध्या ओहायोमध्ये क्रीडा व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेत आहात, आणि त्याच लहान खासगी कॉलेजच्या पुरुष सॉकर (म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉल) संघाकडे ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारे साहाय्यक प्रशिक्षक, म्हणून काम करत आहात. मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी कोणते लायसन्स घ्यावे, तिथवर पोहोचायला किती वर्षे लागतात, आणि हे जमले नाही तर भारतात परतल्यावर या अनुभवाला काही किंमत आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी पेनसिल्व्हेनियातील अशाच एका कॉलेजात आधी असिस्टंट आणि नंतर मुख्य प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षे काम करतो आहे, त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरे देईन. पण त्यांच्या आधी येणारा एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही आणि माझ्या मते बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ही नोकरी माणसाला वर्षभर नेमके काय करायला लावते आणि ते काम तुम्हाला मनापासून आवडेल का, हा तो प्रश्न.

आधी जागा कुठे आहेत ते पाहू. कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणारी मुख्य संघटना एनसीएए कॉलेजांना तीन श्रेणींत विभागते. तिच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांचे सॉकर संघ दोनशेच्या आसपास आहेत, तर महिलांचे तीनशेहून अधिक. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे स्त्री-पुरुष खेळाडूंना समान संधी द्यावी लागते, आणि शंभरावर खेळाडूंचा अमेरिकन फुटबॉल संघ पोसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांनी तो तोल साधताना पुरुषांचे इतर संघ वाढवलेच नाहीत, हे या तफावतीचे एक मोठे कारण मानले जाते. तिसऱ्या श्रेणीत मात्र पुरुषांचे चारशेहून अधिक संघ आहेत, आणि त्यात दुसरी श्रेणी व एनएआयए या वेगळ्या संघटनेची कॉलेजे मिळवली की एक गोष्ट स्पष्ट होते: या देशात कॉलेजच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून जो कोणी नोकरी करतो, तो बहुधा लहान कॉलेजातच करतो. तेव्हा ही वाट म्हणजे मोठ्या विद्यापीठाच्या अलीकडचा थांबा आहे असे समजून निघू नका. बहुतेकांचे सबंध आयुष्य याच वाटेवर जाते.

आता ‘लहान कॉलेज’ या दोन शब्दांत किती वेगवेगळ्या संस्था कोंबलेल्या आहेत, हेही सांगायला हवे, कारण माझे पुढचे म्हणणे तुमच्या कॉलेजला कितपत लागू पडेल ते त्यावर ठरेल. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, टफ्ट्स यांसारख्या संस्थांकडे भरभक्कम निधी आहे आणि प्रवेशासाठी रांगा आहेत. तिथल्या प्रशिक्षकाची चिंता अशी की त्याला हवा असलेला गोलकीपर अ‍ॅडमिशन्स विभागाच्या कसोटीला उतरेल की नाही. दुसरीकडे हजार-बाराशे विद्यार्थ्यांची, जवळजवळ पूर्णपणे फीवर चालणारी शेकडो कॉलेजे आहेत, आणि तिथली चिंता अगदी उलटी असते: या ऑगस्टमध्ये पुरेसे विद्यार्थी येतील का? तुमच्या वर्णनावरून तुमचे कॉलेज या दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून मी त्याच्याबद्दलच लिहितो.

तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत पुरुष सॉकरसाठी नऊ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी आणि एनएआयएमध्ये बारांइतकी रक्कम संघात वाटता येते, म्हणजे तिथेही बहुतेक मुले फीचा मोठा भाग स्वतः भरतात. आता हिशोब करा. समजा कॉलेजची छापील फी वर्षाला चाळीस हजार डॉलर आहे आणि गुणवत्ता व गरजेवर आधारित सवलती वजा जाता एका विद्यार्थ्याकडून हाती अठरा हजार पडतात. (खासगी कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून अधिक सवलत मिळते, त्यामुळे हे उदाहरण फार ओढूनताणून घेतलेले नाही.) या कॉलेजात केवळ सॉकर खेळायला मिळेल म्हणून दरवर्षी बारा मुले आली आणि चार वर्षे टिकली, तर संघामुळे कॉलेजला वर्षाला साडेआठ लाख डॉलरच्या घरात उत्पन्न मिळते. दोन प्रशिक्षकांचे पगार, बसभाडे, गणवेश आणि पंचांचे मानधन मिळून त्याच्या निम्मेही होत नाही. अनेक लहान कॉलेजांनी गेल्या काही दशकांत नवे संघ सुरू केले ते याच गणितामुळे. क्रीडाप्रेम हे त्यामागचे दुय्यम कारण आहे, आणि यात मला काही वावगे वाटत नाही, कारण त्याच गणितावर माझा पगार निघतो.

याचा परिणाम असा की मुख्य प्रशिक्षकाला नियुक्तीच्या पहिल्याच बैठकीत एक आकडा दिला जातो. ‘रोस्टरवर (संघाच्या खेळाडूंच्या यादीत) चाळीस मुले हवीत, दर शरदात चौदा नवी यायला हवीत.’ काही ठिकाणी तो लेखी असतो, काही ठिकाणी क्रीडा संचालक बोलता बोलता सांगतात, पण असतो नक्की. सामने हरल्याने नोकरी गेलेले प्रशिक्षक मी पाहिले आहेत, तसेच सामने जिंकत असूनही रोस्टर तेविसावर आल्यामुळे गेलेलेही पाहिले आहेत. सलग तीन वर्षे आकडा गाठणाऱ्या आणि मध्यम दर्जाचे निकाल देणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र सहसा कोणी हात लावत नाही.

म्हणून वर्षाची विभागणी बघा. ऑगस्टच्या मध्यावर खेळाडू येतात, सप्टेंबरच्या सुरुवातीला सामने सुरू होतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहुतेक संघांचा हंगाम संपलेला असतो. चौसष्ट संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचलात तरच त्यापुढे. वसंतात सरावाचे मोजके दिवस मिळतात. बाकीचे सगळे महिने, आणि हंगामातलेही मोकळे दिवस, रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे नवे खेळाडू शोधून कॉलेजात आणण्यात, जातात: शनिवार-रविवार एखाद्या शोकेस स्पर्धेत (जिथे शाळकरी खेळाडू कॉलेजच्या प्रशिक्षकांसमोर खेळतात) आठ-दहा मैदानांच्या मधून घडीची खुर्ची घेऊन फिरायचे, आणि सोमवार ते गुरुवार संध्याकाळी सतरा वर्षांच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी फोनवर बोलायचे. मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत मुलांनी प्रवेश निश्चित करणारे डिपॉझिट भरायचे, अशी रूढ मुदत आहे. त्या आठवड्यात आमच्यापैकी कोणालाही डावपेचांबद्दल काही विचारू नये. डिपॉझिट भरलेल्यांपैकीही दोघे-तिघे उन्हाळ्यात गळतात, तेही हिशोबात धरावे लागते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आर्थिक साहाय्याचा नवा अर्ज रखडला आणि साहाय्यपत्रे महिनोन्‌महिने उशिरा निघाली, तेव्हा कित्येक लहान कॉलेजांच्या प्रशिक्षकांना आपल्या संघात कोण येणार हे जून उजाडला तरी नक्की सांगता येत नव्हते.

यातला एक प्रसंग जवळून दाखवतो, कारण कामाचा कस अशाच ठिकाणी लागतो. एप्रिलमध्ये एका मुलाचे वडील फोन करतात. मुलगा डाव्या बाजूचा बचावपटू, तुम्ही त्याला तीनदा खेळताना पाहिलेले, तो कॅम्पसवर एक रात्र राहून गेलेला, आणि त्याच्या जागेसाठी तुमच्याकडे दुसरा पर्याय नाही. वडील म्हणतात, ‘दुसऱ्या कॉलेजने वर्षाला सहा हजार डॉलर जास्त दिले आहेत. तुम्ही काही करू शकाल का?’ तिसऱ्या श्रेणीचे नियम याबाबतीत कडक आहेत: प्रशिक्षकाने आर्थिक साहाय्याच्या निर्णयात कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप करायचा नाही, आणि कॉलेजने खेळाडूंना इतर विद्यार्थ्यांपेक्षा झुकते माप दिलेले नाही हे एनसीएए दरवर्षी आकडेवारी मागवून तपासते. म्हणजे ‘बघतो’ एवढे म्हणणेसुद्धा धोक्याचे आहे. त्या वेळी मी दोन्ही पत्रे वडिलांना समोर ठेवायला सांगतो आणि ओळीने वाचायला लावतो. कर्जाची रक्कम कोणत्या ओळीत आहे, कोणती सवलत चार वर्षे चालू राहील आणि कोणती केवळ पहिल्या वर्षापुरती आहे, वसतिगृह आणि भोजन दोन्हीकडे धरले आहे का, हे त्यांनी स्वतः पाहिले की सहा हजारांचा फरक कधी दोन हजारांवर येतो, तर कधी नऊ हजारांवर जातो. उत्पन्नात बदल झाला असेल तर आर्थिक साहाय्य विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो, हे मी सांगतो आणि त्या विभागाचा क्रमांक देतो. त्यापुढे माझे काम संपते. फरक नऊ हजारांचा निघाला तर मुलगा दुसरीकडे जातो, आणि तो जावा हेच बरोबर असते. पण ज्या पालकाशी तुम्ही असे सरळ बोललात, त्याचा शेजारी पुढच्या वर्षी तुम्हाला फोन करतो.

असे फोन तुम्हाला कंटाळवाणे वाटत असतील, किंवा खऱ्या कामातला अडथळा वाटत असतील, तर मुख्य प्रशिक्षक होण्याची घाई करू नका, असे मी स्पष्ट सांगेन. उत्तम मैदानी प्रशिक्षक असलेली कितीतरी माणसे क्लबमध्ये किंवा मोठ्या विद्यापीठात असिस्टंट म्हणून अधिक समाधानी राहतात. त्यात कमीपणा काही नाही.

रिक्रूटिंगचा दुसरा अर्धा भाग म्हणजे आलेली मुले टिकवणे, आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. रोस्टरवर चाळीस मुले असली की पंचवीस-सव्वीस जणांना नियमित खेळायला मिळते. उरलेले चौदा जण तेवढीच फी भरतात, तेवढ्याच पहाटे उठतात, आणि शनिवारी गणवेश न घालता बाकामागे उभे राहतात. तिसऱ्या श्रेणीत खेळाडूला एक वर्ष केवळ सरावापुरते राखून ठेवण्याची सोय नाही. हंगामातला पहिला सामना झाल्यानंतर तो संघाबरोबर सरावाला उतरला तरी त्याच्या चार हंगामांपैकी एक खर्ची पडतो. त्यामुळे बत्तिसाव्या क्रमांकाच्या मुलाला ‘थांब, तुझी वेळ येईल’ असे म्हणताना ती वेळ खरोखर येणार आहे का, याचा विचार आधी करावा लागतो. राखीव संघाचे सामने लावणे हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि ते काम बहुतेक ठिकाणी ग्रॅज्युएट असिस्टंटच्या गळ्यात पडते. ते तुमच्याकडे आले असेल तर ओझे समजू नका. जो असिस्टंट ‘राखीव संघातली इतकी मुले दुसऱ्या वर्षी परत आली’ असे मुलाखतीत सांगू शकतो, त्याचे म्हणणे अ‍ॅडमिशन्सचे संचालक कान देऊन ऐकतात.

मैदानावरच्या कामाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही पाहतच आहात. कॉलेजच्या नियमांत पहिल्या अर्धात बाहेर गेलेला खेळाडू त्या अर्धात परत येऊ शकत नाही, दुसऱ्या अर्धात मात्र एकदा परत येऊ शकतो, आणि किती जण बदलायचे यावर व्यवहारात मर्यादा नाही. आठवड्याला दोन सामने असल्यामुळे अकरा जणांवर हंगाम निघत नाही. अठरा-वीस जणांची फिरती रचना लागते, आणि ती बसवणारा प्रशिक्षक मोठे नाव असलेल्या खेळाडूंच्या संघालाही ऑक्टोबरमध्ये मागे टाकतो. २०२२ पासून साखळी सामन्यांत जादा वेळ रद्द झाला आहे, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत ताजे पाय असणे पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले. शाहू स्टेडियमच्या गर्दीत खेळलेल्या माणसाला बुधवारच्या दुपारी साठ-सत्तर पालकांसमोरचा सामना सुरुवातीला फार सुना वाटतो. त्याची सवय होते.

आता नेमणूक कशी होते ते सांगतो. साधारण क्रम असा: ग्रॅज्युएट असिस्टंट, मग पूर्णवेळ किंवा अर्धवेळ असिस्टंट, मग एखाद्या अशा संघाचे मुख्य प्रशिक्षकपद जे अनुभवी लोकांना नको असते. पदवीनंतर पाच ते दहा वर्षे हा माझ्या पाहण्यातला सर्वसाधारण अवधी आहे, पण त्याला नशिबाचे फाटे फार फुटतात. हंगाम संपल्यावर नोव्हेंबर ते जानेवारीत जागा सुटतात, आणि त्या जागांसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. जुलैमध्ये एखादा प्रशिक्षक अचानक दुसरीकडे जातो, तेव्हा मात्र कॉलेजला तीन आठवड्यांत कोणीतरी उभा करायचा असतो आणि हाताशी असलेल्या असिस्टंटला ‘हंगामी’ म्हणून नेमले जाते. असे हंगामी पद चालून आले तर घ्यावे की नाही, हे रोस्टरवर कोण आहे त्यावर ठरवा. सतरा खेळाडूंचा संघ वारशाने मिळाला तर तुमच्या नावापुढे लागणारे पराभव पुढची दोन वर्षे पुसले जात नाहीत.

मुलाखतीचा दिवस लांबलचक असतो. क्रीडा संचालक, विद्यार्थी विभागाचे डीन, अ‍ॅडमिशन्सचे प्रमुख, एखादा प्राध्यापक आणि शेवटी खेळाडू, असे सगळे भेटतात. खेळाच्या शैलीबद्दल एक प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर दोन मिनिटांत संपते. पुढचे सगळे प्रश्न असे असतात: तुम्ही मुले कुठून आणणार, कोणत्या क्लबांच्या प्रशिक्षकांचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत, आमची फी या भागातल्या सरकारी विद्यापीठाच्या दुप्पट आहे तर पालकांना काय सांगणार? म्हणून तुम्ही आजपासून एक तक्ता ठेवा, ज्यात तुम्ही स्वतः शोधलेला मुलगा, पहिला संपर्क कधी, कॅम्पसला भेट, अर्ज, डिपॉझिट, आणि दुसऱ्या वर्षी परत आला का, एवढे रकाने असतील. दोन वर्षांनी तोच कागद तुमची खरी पदवी ठरेल. जानेवारीत होणाऱ्या युनायटेड सॉकर कोचेसच्या वार्षिक अधिवेशनाला जमेल तेव्हा जा. १९४१ मध्ये सुरू झालेली ही संघटना जे अभ्यासवर्ग घेते ते चांगले असतातच, पण निम्म्या नेमणुकांची बोलणी तिथल्या हॉटेलांच्या लॉबीत सुरू होतात असे मला नेहमी वाटत आले आहे.

पुढे जाण्याबद्दल तीन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. डेव्ह ब्रँट यांनी मसाया कॉलेजला २००० ते २००८ या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, आणि त्यानंतर ते नेव्हल अ‍ॅकॅडमीच्या पहिल्या श्रेणीतील संघाकडे गेले. जॉश शापिरो यांनी टफ्ट्सकडून २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ अशी चार विजेतेपदे घेतली, मग ते हार्वर्डला गेले. वर जाण्याचा दरवाजा उघडायला तिसऱ्या श्रेणीत काय करून दाखवावे लागते, ते यावरून कळेल. तिसरे नाव ज्युलियन सिच यांचे. व्यावसायिक खेळाडू म्हणून कारकीर्द केलेल्या सिच महिलांच्या संघाकडे असिस्टंट होत्या, आणि २०२२ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी २२ विजय, एक बरोबरी आणि शून्य पराभव अशा हंगामानंतर विजेतेपद मिळवले. पुरुषांच्या सॉकर संघाला एनसीएए विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या उदाहरणावरून मी तरुणांना सांगतो की महिला संघाकडे असिस्टंटची जागा निघाली तर ‘माझा मार्ग पुरुष संघाचा’ म्हणून ती सोडू नका. महिलांचे संघ संख्येने जास्त आहेत आणि काम तेच आहे.

आणि ज्यांना कुठेही जायचे नव्हते त्यांचेही पाहा. ओहायो वेस्लियनचे जे मार्टिन १९७७ मध्ये रुजू झाले, चार दशकांहून अधिक काळ तिथेच राहिले, १९९८ आणि २०११ मध्ये विजेते ठरले आणि सातशेहून अधिक सामने जिंकले. मधली बरीच वर्षे ते त्या कॉलेजचे क्रीडा संचालकही होते आणि वर्गात शिकवतही होते. लहान कॉलेजात एकाच माणसाने तीन टोप्या घालण्याची ही रीत आजही आहे, फक्त आजच्या जाहिरातीत तिला ‘इतर जबाबदाऱ्या’ म्हणतात: व्यायामशाळेची देखरेख, इतर संघांच्या सामन्यांची व्यवस्था, कधी व्हॅन चालवणे, आणि धुलाईचे यंत्र.

पैशांचे सांगतो. माझ्या पाहण्यातल्या जाहिरातींत पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षकाला वर्षाला साधारण ४५ ते ७० हजार डॉलर मिळतात. सधन कॉलेजांत जास्त, आणि असिस्टंटला काही ठिकाणी केवळ काही हजारांचे मानधन. आरोग्यविमा चांगला असतो आणि पुढे मुलांच्या फीत मिळणारी सवलत फार मोलाची असते. पण ही कॉलेजे बहुधा छोट्या गावांत असतात, जिथे जोडीदाराला त्याच्या किंवा तिच्या क्षेत्रातले काम मिळेलच असे नाही. माझ्या ओळखीच्या चांगल्या प्रशिक्षकांनी हा पेशा सोडला तो बहुतेक वेळा याच कारणाने.

कोणतीही जागा स्वीकारण्यापूर्वी कॉलेजची तब्येत तपासा. २०२४ या एका वर्षात बर्मिंगहॅम-सदर्न, कॅब्रिनी आणि वेल्स ही तिसऱ्या श्रेणीतली तीन कॉलेजे बंद झाली. वेल्सने तर एप्रिलच्या अखेरीस जाहीर केले आणि चालू सत्र संपताच दारे मिटली. अठरा वर्षांच्या मुलांची संख्या पुढची काही वर्षे घटत जाणार आहे, त्यामुळे हे थांबणारे नाही. तपासणी अवघड नाही आणि फुकट आहे. केंद्रीय शिक्षण खात्याच्या क्रीडा समानता अहवालात प्रत्येक कॉलेजचे रोस्टर, संघांवरचा खर्च आणि पुरुष संघांच्या मुख्य प्रशिक्षकांचा सरासरी पगार मिळतो. त्याच खात्याचा आर्थिक जबाबदारीचा गुणांक उणे एक ते तीन या पट्टीवर असतो. तो दीडच्या खाली असेल तर कारण विचारा. विना-नफा संस्थांची ९९० क्रमांकाची करविवरणे सार्वजनिक असतात, त्यातली सलग चार वर्षांची तूट किंवा शिल्लक पाहा. मुलाखतीत हे विचारल्याने कोणी नाराज होत नाही. उलट तुम्हाला व्यवहार कळतो असा समज होतो.

तुमच्याबाबतीत सर्वांत कठीण अडचण व्हिसाची आहे, आणि ती अमेरिकन असिस्टंटला नसते म्हणून तुमचे वरिष्ठ ती तुम्हाला सांगणार नाहीत. एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) असलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही, आणि असिस्टंटचे काम वीस तासांत मावत नाही. तेव्हा तासांची नोंद चोख ठेवा आणि मर्यादेबाहेरचे काम आले तर स्पष्ट नकार द्या. बाकीचे असिस्टंट संध्याकाळी मुलांच्या क्लबांना शिकवून किंवा बाहेरची शिबिरे घेऊन घर चालवतात. परवानगीशिवाय तुम्ही ते करू शकत नाही, आणि पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला तरी तो त्या एकाच कॉलेजपुरता असतो. पदवीनंतर एक वर्षाची ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या क्षेत्रात काम करण्याची परवानगी, मिळेल. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी दोन वर्षांची वाढ क्रीडा व्यवस्थापनाला सहसा लागू होत नाही. कॉलेजे एच-वन-बीच्या वार्षिक कोट्यातून मुक्त आहेत, ही जमेची बाजू. पण त्या व्हिसासाठी पदाला विशिष्ट विषयातली पदवी आवश्यक आहे असे दाखवावे लागते, आणि प्रशिक्षकाच्या जाहिरातीत बहुधा ‘कोणतीही पदवी, पदव्युत्तर असल्यास प्राधान्य’ असे लिहिलेले असते, ज्यामुळे अर्ज लंगडा पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणारी घोषणा झाली. ती तुमच्यासारख्या आधीपासून इथे असलेल्या व्यक्तीला कशी लागू होते, हे जाणकार वकिलाकडूनच समजून घ्या. जिथे क्रीडा विभागाच्या पदाला शिकवण्याची जबाबदारीही जोडलेली आहे, अशा जागा शोधा. जाहिरात निघण्याआधी पदाचे वर्णन बदलणे सोपे असते, नंतर जवळजवळ अशक्य.

आता तुमच्या मूळ प्रश्नातले लायसन्स. यू. एस. सॉकर या अमेरिकेच्या राष्ट्रीय महासंघाची डी आणि सी ही प्रशिक्षकांची लायसन्से (ए सर्वांत वरचे, डी खालचे) पदवी संपेपर्यंत जमली तर घ्या, बी नंतर पाहता येईल. बहुतेक लहान कॉलेजांना ते ‘असल्यास उत्तम’ एवढेच हवे असते, आणि ए लायसन्सवर खर्च होणारा वेळ व पैसा तुमच्या टप्प्यावर रिक्रूटिंगच्या प्रवासात घालणे मी अधिक शहाणपणाचे समजेन.

भारतात परतण्याबद्दल मात्र मला थोडी काळजी वाटते. महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळचे पद म्हणजे महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालक, आणि त्यासाठी शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाविज्ञानातील पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. क्रीडा व्यवस्थापनाच्या पदवीवर ते मिळेल असे धरून चालू नका. क्लब किंवा अकादमीत जायचे तर तिथे एएफसी या आशियाई फुटबॉल महासंघाच्या साखळीतले लायसन्स विचारले जाते, आणि अमेरिकेतले लायसन्स आपोआप ग्राह्य धरले जाईल अशी खात्री नाही. म्हणून परतण्याचा पर्याय तुम्हाला खरोखर खुला ठेवायचा असेल, तर एखाद्या सुट्टीत घरी गेल्यावर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) डी लायसन्स वर्गाची चौकशी करा आणि तो पूर्ण करूनच परत या. फक्त तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्टवरच्या एफ-वन शिक्क्याची मुदत पाहा, आणि आय-ट्वेंटीवर (कॉलेजने दिलेल्या विद्यार्थी-पात्रतेच्या कागदावर) प्रवासाची सही घ्यायला विसरू नका.